मुद्राचित्रकारांचा कॉपीराइट: प्लेट कोरण्यापासून कोर्टाच्या पायरीपर्यंत

छापील चित्रांशी पुण्याचं नातं जुनं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली आणि तिथली शिळाछापाची चित्रं घरोघरी पोचली. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. आज अभिनव किंवा भारती विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली लिनो, वुडकट, एचिंग, स्क्रीन प्रिंट अशी मुद्राचित्रं, म्हणजे ठसा, प्लेट किंवा स्क्रीनवरून छापलेली चित्रं, करतात, घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात किंवा शनिवार पेठेतल्या सुदर्शन कलादालनात प्रदर्शन भरवतात आणि इन्स्टाग्रामवर विक्री करतात. काम उत्तम असतं. कागदपत्रांची बाजू मात्र बहुतेकांची लंगडी असते.

‘माझं चित्र कुणी चोरलं तर काय करू?’ हे सगळेच विचारतात. ‘त्या चित्राचा हक्क मुळात माझ्याकडे आहे का?’ हे फार थोडे विचारतात, आणि मुद्राचित्रकाराला महागात पडतो तो हाच न विचारलेला प्रश्न. भारतीय कायद्यात आपल्या कामासाठी एक वेगळी अट आहे. ती माहीत नसल्यामुळे हक्क हातचा जातो आणि गेल्याचं कळतही नाही. म्हणून हा लेख चोरीपासून सुरू न करता प्लेटपासून सुरू करतो.

कायदा मुद्राचित्राकडे कसं पाहतो

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या कलाकृतीच्या व्याख्येत चित्र, शिल्प, रेखाटन, छायाचित्र यांच्याबरोबर एन्ग्रेव्हिंगचं नाव आहे, आणि एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, प्रिंट व तत्सम कामं एन्ग्रेव्हिंगमध्ये येतात असं कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलंय. काम कलात्मक दर्जाचं आहे की नाही, हे कायदा बघत नाही. ते तुमचं स्वतःचं असावं, त्यात तुमचं कौशल्य आणि थोडी तरी सर्जकता असावी, एवढं पुरतं. थोड्या सर्जकतेचा हा निकष सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात घालून दिला.

हक्क काम तयार होताच मिळतो, अर्ज करावा लागत नाही. पंचवीस प्रतींची एडिशन (एकाच प्लेटवरून काढलेल्या, क्रमांक घातलेल्या प्रतींचा संच) म्हणजे पंचवीस कॉपीराइट नव्हेत. कलाकृती एक, हक्कही एक. तो तुमच्या हयातभर आणि तुमच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. चित्राची प्रत काढणं, ती डिजिटल स्वरूपात साठवणं, लोकांपर्यंत पोचवणं, त्यावरून वेगळं रूप तयार करणं हे सगळं फक्त तुम्ही किंवा तुमच्या परवानगीने दुसरं कुणी करू शकतं.

कल्पनेवर मात्र कुणाची मालकी नसते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा लिनोकट तुम्ही केलात म्हणून दुसऱ्याने तो विषय घेऊ नये, असं म्हणता येणार नाही. पण तुम्ही दरवाजावरच्या खिळ्यांची रांग तिरकी धरली, कावळा डाव्या कोपऱ्यात बसवला, सावलीचा पट्टा पायरीवर मोडला, आणि दुसऱ्याच्या चित्रात हे सगळं तसंच आलं, तर तो विषयाचा योगायोग राहत नाही. ‘तीस टक्के बदल केला की चालतं’ हे कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या ऐकायला मिळणारं वाक्य कायद्यात कुठेही नाही.

कोरायला बसण्याआधी

आधी स्वतःचा संदर्भ तपासा. पिंटरेस्टवरचा फोटो ट्रेस करून लिनोवर उतरवला, तर माध्यम बदललं तरी त्या छायाचित्रकाराचा हक्क तुम्ही मोडलेला असतो, आणि असं चित्र पुढे कुणी चोरलं तर तुमचीच बाजू कमकुवत ठरते. शक्य तिथे स्वतः फोटो काढा, स्वतः रेखाटा. दुसऱ्याचा फोटो हवाच असेल तर त्याला मेल करून परवानगी मागा आणि उत्तर जपून ठेवा. ज्यांची मुदत संपली आहे ती चित्रं खुली आहेत. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रं आधार म्हणून वापरायला हरकत नाही. फक्त कुणी त्यावर अलीकडे नव्याने रंगकाम किंवा रचना केली असेल, तर ती नवी भर उचलू नका.

नोंदवही

मी प्रत्येक नव्या मुद्राचित्रकाराला प्रेस घेण्याआधी जाड पुठ्ठ्याची नोंदवही घ्यायला सांगतो. एका कामाला एक पान. पानावर काय असावं, याचा नमुना देतो (रिडक्शन म्हणजे एकच ब्लॉक टप्प्याटप्प्याने कोरत एकेक रंग छापणं, प्रूफ म्हणजे चाचणीची छाप, आर्टिस्ट प्रूफ म्हणजे एडिशनबाहेर कलाकाराने स्वतःकडे ठेवलेली प्रत):

‘परसातली विहीर. लिनोकट, दोन रंग, रिडक्शन. ब्लॉक ३० × ४० सें.मी. पहिलं रेखाटन १२ जून, पहिल्या रंगाचं कोरीवकाम २० जून ते ४ जुलै. कागद: हातकागद संस्थेचा, पांढरा. एडिशन १५, आर्टिस्ट प्रूफ २. छपाई ९ आणि १६ जुलै. प्रत क्र. १ स्वतःकडे, क्र. २ विक्री (बिल क्र. …), क्र. ३ प्रदर्शनासाठी दिली, पावती जोडली आहे. ब्लॉक: दुसऱ्या रंगानंतर शिल्लक भाग रद्द, रद्द प्रूफ जोडलं.’

सोबत पहिली पेन्सिल रेखाटनं, ट्रेसिंग पेपर, प्रत्येक टप्प्याचं प्रूफ ठेवा. कोरलेल्या ब्लॉकचा आणि शाई लावलेल्या प्लेटचा फोटो मोबाइलने काढा आणि मूळ फाइल तशीच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली नको, कारण त्यात तारखेची माहिती गळून पडते. पेंटिंगवाल्यापेक्षा मुद्राचित्रकाराची बाजू इथे भक्कम असते. नक्कल करणाऱ्याकडे तयार प्रत असते. अर्धवट टप्प्यांची स्टेट प्रूफ, चुकलेली पहिली छाप, कोरलेला लाकडी ठसा त्याच्याकडे असूच शकत नाही. वाद उभा राहिला तर हा ढीगच बोलतो.

स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने चित्र पाठवून पाकीट बंद ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याला कायद्यात स्वतंत्र स्थान नाही. ते पैसे चांगल्या कागदावर घाला.

सही, नंबर आणि खालची कड

प्रतीच्या खालच्या कडेला पेन्सिलने डावीकडे ४/१५, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. ही प्रथा आहेच, पण तिला कायद्याचंही बळ आहे: कलाकृतीवर लेखक (कायद्याच्या भाषेत कलाकृतीचा कर्ता) म्हणून ज्याचं नाव असतं तोच लेखक, असं कलम ५५ नुसार कोर्ट धरून चालतं आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर जाते. म्हणून सही वाचता येईल अशी करा. मागच्या बाजूला पूर्ण नाव, साल आणि गोलातला सी लिहा. ते चिन्ह सक्तीचं नाही. पण ‘मला माहीतच नव्हतं’ ही सबब टिकली तर नक्कल करणाऱ्याकडून भरपाई मिळणं अवघड होतं, आणि ती सबब तोडायला हे चिन्ह उपयोगी पडतं.

एडिशन पूर्ण झाली की प्लेट रद्द करा: एक आडवी रेघ ओढा आणि त्या रेघेसकट एक प्रूफ काढून ठेवा. सामायिक स्टुडिओत काम करत असाल तर चालू प्लेटच्या मागे नाव घाला आणि ती घरी न्या. एखादा संग्राहक प्लेटच विकत मागतो तेव्हा बिलावर लिहा, ‘प्लेट वस्तू म्हणून विकली, तिच्यावरून छपाई करण्याचा हक्क दिलेला नाही.’

सांगून करून घेतलेलं काम

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, इथे सावकाश वाचा.

सर्वसाधारण नियम असा की जो चित्र करतो तो पहिला मालक. पण कलम १७ च्या (ब) उपकलमात अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं छायाचित्र, केलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट आणि *एन्ग्रेव्हिंग* यांचा पहिला मालक काम सांगणारा असतो. वेगळा करार नसेल तर. आणि एन्ग्रेव्हिंगमध्ये आपली जवळजवळ सगळी माध्यमं येतात, हे वर पाहिलंच.

याचा अर्थ नीट समजून घ्या. कोथरूडच्या एखाद्या कॅफेने भिंतीसाठी तुमच्याकडून वुडकटची मालिका करून घेतली, पैसे दिले, तोंडी बोलणं झालं, बाकी काहीच ठरलं नाही. उद्या त्याने तेच चित्र मेनू कार्डावर, कपांवर, दुसऱ्या शाखेच्या भिंतीवर छापलं तर तुम्ही नक्कल म्हणून तक्रार करू शकत नाही. उलट तुम्ही त्याच ब्लॉकवरून आणखी प्रती काढून प्रदर्शनात विकल्या, तर तक्रार करायला तो मोकळा. गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ असो, लग्नपत्रिकेसाठी केलेलं एचिंग असो किंवा कंपनीच्या दिवाळी भेटीसाठी छापलेले शंभर लिनो, सगळीकडे हाच हिशोब.

कायद्यानेच यातून वाट ठेवली आहे: उलट करार. तो काम सुरू होण्याआधी व्हायला हवा. चित्र तयार झाल्यावर हक्क ग्राहकाकडे गेलेला असतो, मग त्याच्याकडून तो लेखी परत मिळवावा लागतो, आणि तोपर्यंत तुमची मागणी करण्याची ताकद संपलेली असते. वकिली भाषा नको. कोटेशनच्या खाली हा मजकूर टाका आणि आगाऊ रक्कम घेतानाच ग्राहकाची सही घ्या:

‘या मुद्राचित्राचा कॉपीराइट कलाकाराकडेच राहील. ग्राहकाला ठरलेल्या … प्रती मिळतील आणि त्या ग्राहकाच्या मालकीच्या असतील. त्या लावणे, भेट देणे, विकणे यास कलाकाराची हरकत नाही. चित्राचे पुनर्मुद्रण, वस्तूंवर, जाहिरातीत वा समाजमाध्यमांच्या व्यावसायिक प्रचारात वापर करायचा असल्यास वेगळी लेखी परवानगी व वेगळा मोबदला लागेल.’

सही मागायला संकोच वाटतो, विशेषतः ओळखीतलं काम असेल तर. काका-मामांच्या मित्राचं काम असलं तरी हा कागद करा. ज्याचा हेतू सरळ आहे तो दोन मिनिटांत सही करतो. जो करत नाही त्याला सगळे हक्क हवे आहेत, आणि मग किंमत त्या हिशोबाने सांगा.

नोकरीत केलेल्या कामाचं वेगळं आहे. डिझाइन स्टुडिओत पगारावर असाल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाचा. कॉलेजचा विद्यार्थी नोकरदार नाही, त्यामुळे वर्गात केलेलं त्याचं काम त्याचंच. मात्र शिष्यवृत्ती, रेसिडेन्सी आणि स्पर्धांच्या अर्जातल्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा. ‘निवडलेल्या कलाकृतींचे सर्व हक्क आयोजकांकडे’ अशी एक ओळ तिथे हमखास सापडते.

विकणं आणि हक्क देणं

प्रत विकली म्हणजे कॉपीराइट विकला, असं होत नाही. ग्राहक ती फ्रेम करेल, उद्या विकेल. तिच्यावरून कॅलेंडर छापू शकणार नाही.

हक्क द्यायचेच असतील तर कलम १९ कलाकाराच्या बाजूचं आहे. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं; कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात हे त्यात यायला हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ज्याने हक्क घेतले त्याने एक वर्षात वापरले नाहीत आणि करारात वेगळं लिहिलं नसेल, तर ते संपतात. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले की थांबा. शक्यतो हस्तांतरण न करता परवाना द्या: ‘फक्त २०२७ च्या दिनदर्शिकेसाठी, फक्त महाराष्ट्रात, इतक्या प्रती.’

हक्क विकले तरी एक गोष्ट तुमच्याकडे राहते. कलम ५७ नुसार चित्राखाली आपलं नाव मागण्याचा आणि कामाची मोडतोड करून बदनामी झाल्यास दाद मागण्याचा अधिकार लेखकाचाच. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं म्युरल काढून नुसतं टाकून दिलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि सरकारला पाच लाखांची भरपाई भरायला सांगितली.

पुनर्विक्रीतल्या वाट्याबद्दल मला कायद्यावर राग आहे. दहा हजारांवर पुन्हा विकल्या जाणाऱ्या मूळ पेंटिंग, शिल्प आणि रेखाटनात कलाकाराला वाटा मिळण्याची तरतूद कलम ५३अ मध्ये आहे. त्या यादीत एन्ग्रेव्हिंग नाही. मोबदला घेऊन केलेल्या कामात हक्क काढून घेताना आपलं नाव कायद्याला आठवलं, वाटा देताना नाही. तो वाटा हवा असेल तर पहिल्या विक्रीच्या करारातच लिहून घ्या.

नोंदणी: करावी का, कशी

सक्तीची नाही, पण चार-पाच महत्त्वाच्या कामांची करा. नोंदवहीतली नोंद हा तुमचा पुरावा. सरकारी रजिस्टरमधली नोंद हा कोर्ट प्रथमदर्शनी मान्य करतं असा पुरावा.

कॉपीराइट कार्यालय दिल्लीला आहे, पण पुण्यातून हलावं लागत नाही. कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि फॉर्म १४ भरा. कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. माल किंवा वस्तूंवर वापरल्या जाणाऱ्या कलाकृतीसाठी २,००० रुपये, आणि त्याला ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध प्रमाणपत्रही जोडावं लागतं. लेबल-लोगो नसलेल्या साध्या मुद्राचित्राला पहिला मार्ग पुरतो. चित्राची स्वच्छ, कडांसकट स्कॅन केलेली फाइल द्या. काम प्रकाशित आहे का, हा रकाना विचार करून भरा: प्रती विकल्या असतील किंवा चित्र सार्वजनिक पानावर टाकलं असेल तर ‘अप्रकाशित’ लिहू नका, पहिल्या प्रकाशनाचं साल आणि देश द्या. अर्जदार आणि कलाकार वेगळे असतील तर कलाकाराचं ना-हरकत पत्र लागतं.

अर्ज गेला की डायरी नंबर मिळतो. मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. त्यानंतर परीक्षक अर्ज तपासतो. त्रुटी निघाली तर पत्र येतं आणि त्याला मुदतीत उत्तर द्यायचं. हे पत्र मेलच्या स्पॅममध्ये पडून राहतं आणि अर्ज निकालात निघतो, म्हणून दर आठवड्याला स्थिती बघा.

परदेशात वेगळी नोंदणी करायची गरज बहुधा पडत नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सदस्य देशांत तुमच्या कामाला आपोआप संरक्षण मिळतं.

पिशव्या, साड्या, मग

भीमथडी जत्रेच्या आधी अनेकजण आपलं मुद्राचित्र पिशव्यांवर आणि कापडावर छापतात. इथे कलम १५ आडवं येतं. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगं, पण न नोंदवलेलं काम औद्योगिक पद्धतीने वस्तूवर पन्नासहून जास्त वेळा उतरलं, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. कागदावरची एडिशन ही स्वतः कलाकृती आहे, तिला याची धास्ती नको. कापडावर सलग फिरणाऱ्या नक्षीची मात्र घ्या. शुद्ध कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅसच्या खटल्यात दिले, पण प्रत्येक प्रकरण वेगळंच तपासलं जातं. मोठ्या संख्येत कापडावर जायचं असेल तर डिझाइन कायदा २००० खाली आधी नोंदणी करा. आणि अर्ज करेपर्यंत ती नक्षी कुठेही दाखवू नका, नाहीतर नवेपणाची अट मोडते.

नक्कल सापडली तर

पहिल्या दिवशी भांडू नका, पुरावा गोळा करा. पानाचा स्क्रीनशॉट पत्ता आणि तारखेसकट घ्या. वस्तू विकत असतील तर एक नग बिलासह मागवा आणि पाकीटही ठेवा. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे कोणत्या मोबाइलवर काय टिपलं ते लिहून ठेवा.

नंतर प्लॅटफॉर्मला लेखी तक्रार: तुमचं काम कोणतं, मालकीचा पुरावा, नक्कल नेमकी कुठे आहे. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ नुसार तक्रार योग्य वाटली तर ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो. पण त्या तक्रारीत दावा दाखल करण्याची हमी द्यावी लागते, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दिला नाही तर ते पान पुन्हा सुरू होऊ शकतं.

वकिलाची नोटीस पाठवताना तोल सांभाळा. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरचा कलम ६० खाली तुमच्यावरच दावा लावू शकतो. फेसबुकवर ‘चोर’ लिहिण्याआधी हे आठवा.

दावा लावायला नक्कल करणाऱ्याच्या गावी जायला नको. कलम ६२ मुळे तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे शिवाजीनगरच्या कोर्टात, सुरतेच्या विक्रेत्यालाही खेचता येतं. मनाई हुकूम, भरपाई, नफ्याचा हिशोब मागता येतो. कलम ५८ नुसार नकली प्रती आणि त्यांच्यासाठी वापरलेल्या प्लेटा, ब्लॉक, स्क्रीन या तुमच्याच मालकीच्या समजल्या जातात. भरपाईसाठी मुदत नक्कल झाल्यापासून तीन वर्षं. वाद तीन लाख किंवा त्याहून जास्तीचा व्यापारी स्वरूपाचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीला जावं लागतं. त्याला घाबरू नका, आपली बरीच प्रकरणं तिथेच मिटण्यासारखी असतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते.

जाणूनबुजून, धंदा म्हणून नक्कल होत असेल तर पोलिसांकडेही जाता येतं. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. चौकीत जाताना नोंदवहीचं पान, नोंदणी प्रमाणपत्र असल्यास ते, मूळ प्रत आणि नकली प्रत शेजारी-शेजारी ठेवून दाखवा.

घरच्यांसाठी एक कागद

मुद्राचित्रकाराच्या मागे न छापलेल्या प्लेटा राहतात. अशा अप्रकाशित एन्ग्रेव्हिंगचं प्रकाशन मृत्यूनंतर झालं, तर ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणजे कपाटातल्या झिंक प्लेटांना पुढच्या पिढीसाठी खरीखुरी किंमत आहे. मृत्युपत्रात त्या कुणाच्या, त्यावरून कुणी छापायचं, किती छापायचं आणि नंतर छापलेल्या प्रतींवर काय लिहायचं, हे सांगा. नोंदवही कुठे ठेवलीय तेही लिहा.